शेवटची खाच

माझी उंची सहा फूट तीन इंच आहे. कळवणकडच्या आमच्या गावात मी नववीत असतानाच सगळ्या मास्तरांच्या वर गेलो होतो. गावात कुणाला माळ्यावरचं काही काढायचं असलं, की मला हाक यायची. या उंचीचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो एका माणसाच्या गुडघ्यांचा.

त्या माणसाचा नाशिकच्या अंबडला कारखाना होता. छोटे छोटे सुटे भाग तयार व्हायचे, त्यातले काही ओझरच्या विमान कारखान्याला जायचे. मी त्याच्याकडे अकरा वर्षं ड्रायव्हर होतो. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचो, अहो-जाहो करायचो, आणि आजही समोर आला तर तसंच बोलेन. पण लिहिताना हात तसा वळत नाही. इथे तो 'तो'च राहील.

मालक लोक बहुतेक मागे डाव्या बाजूला बसतात. हा बसायचा बरोबर माझ्या मागे. त्याचं कारण त्यानेच मला सांगितलं होतं. त्याचा मोठा भाऊ चांदवडच्या पुढे अपघातात गेला. भाऊ पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. समोरून ट्रक आला, ड्रायव्हरने गाडी उजवीकडे मारली आणि डावी बाजू ट्रकखाली गेली. ड्रायव्हरला साधं प्लास्टरसुद्धा लागलं नाही.

"ड्रायव्हर आधी स्वतःला वाचवतो," तो मला म्हणाला होता. "त्याचा दोष नाही, हात आपोआप वळतात. म्हणून बसायचं तर त्याच्या पाठीमागे. तो वाचला की आपण वाचलो."

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मी म्हणालो, बसा साहेब, तुम्हाला जिथे बरं वाटेल तिथे बसा.

तो पाच फूट चार इंच. पण त्याला पाय लांब करून बसायची सवय होती. मांडीवर फायली, बूट काढलेले, एका पायावर दुसरा पाय. जागा कमी पडली की तो पायाच्या अंगठ्याने माझ्या सीटला मागून दोनदा ठोकायचा. त्याचा अर्थ, सीट पुढे घे. मी खालची दांडी ओढून एक खाच पुढे यायचो. थोड्या वेळाने परत ठोकायचा. असं करत करत माझी सीट पुढून तिसऱ्या खाचेवर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. माझे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आलेले, पाठ कमानीसारखी, मान खाली. क्लच दाबायचा म्हणजे गुडघा आधी बाहेर काढायचा आणि मग पाय खाली न्यायचा. आणि पाठीत, कमरेच्या जरा वर, सीटच्या गादीतून त्याचे गुडघे. मुंबईला चार तास, पुण्याला पाच तास, दर आठवड्याला.

मी बोललो नाही असं नाही. एकदा ओझरहून येताना म्हणालो, "साहेब, सीट दोन खाचा मागे घेऊ का? कंबर लय धरली आहे."

तो फायलीतून वर न बघता म्हणाला, "गाडी चालवायची तू. बसायचं मी."

शेजारी त्याची बायको होती. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. चांगल्या स्वभावाची बाई. घरी गेलो की चहा कपबशीत द्यायच्या, आमच्या पोरीच्या शाळेची चौकशी करायच्या. त्या वेळी त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

पुढची चार वर्षं मी परत विचारलं नाही.

एका सकाळी द्वारका चौकातल्या पेट्रोल पंपावर मी टाकीचं झाकण उघडायला खाली उतरलो आणि सरळ होता आलं नाही. तसाच, निम्मा वाकलेला, गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. डाव्या पायात कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं झालं आणि मग पायच कळेना. पंपावरच्या पोराने मला धरलं. आतून काचेवर टकटक झाली. काच खाली आली.

"काय झालं? दहाची मीटिंग आहे."

"साहेब, पाय उचलत नाही."

त्याने फोन लावून दुसरी गाडी मागवली आणि निघून गेला. मला पंपावरच्या लोकांनी रिक्षात घातलं.

मणक्यातली चकती सरकली होती आणि शिरेवर दाब आला होता. सहा आठवडे मी घरात फळीवर पडून होतो. बायकोने मला कुशीवर वळवायचं, तिनेच उठवायचं. बायको शिवणकाम करते. ब्लाउज शिवता शिवता मधेच उठून यायची. तिसऱ्या आठवड्यात कारखान्याचा वॉचमन दाराशी आला. गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती, ती न्यायला. तो बिचारा खाली बघत बोलत होता. नवा ड्रायव्हर ठेवला होता. मी त्याला विचारलं, केवढा आहे? तो म्हणाला, तुझ्या खांद्याला लागेल.

मी फोन केला. त्याने उचलला, हे खरं.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझी उंची तुला नडली. त्यात मी काय करणार? तू दुसरं काहीतरी बघ, ड्रायव्हिंग तुझं काम नाही."

अकरा वर्षांनी त्याने मला हे सांगितलं. मी फोन ठेवला आणि छताकडे बघत पडून राहिलो. त्या दिवसापर्यंत मला दुखत होतं. त्या दिवसानंतर दुखण्याला एक चेहरा आला.

फिजिओथेरपीला गंगापूर रोडला जायचो. तिथल्या मॅडम वयाने लहान, पण कडक. त्यांनी विचारलं, परत गाडी चालवायची आहे का? मी म्हणालो, मला दुसरं काही येत नाही. मग त्यांनी मला गाडीत बसायला शिकवलं, वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला. आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, अंग पिळायचं नाही. गुडघे कमरेच्या वर येता कामा नयेत. मांडीला जवळपास गुडघ्यापर्यंत गादीचा आधार पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही बूड सीटला चिकटलेलं पाहिजे. पाठ न उचलता हात स्टिअरिंगला पोचले पाहिजेत. आणि डोकं छताला लागतंय म्हणून मान वाकवावी लागली, तर ती गाडी आपली नाही.

हे सगळं बायकोने शिवणाच्या वहीत लिहून घेतलं. चालता यायला लागल्यावर मी तिची मापाची टेप खिशात घातली आणि गाड्या बघायला निघालो. मी स्वतःची गाडी घेणार होतो. वणी, त्र्यंबक, शिर्डी अशी भाडी मारणार होतो. आणि माझ्या गाडीत माझी सीट मी ठरवणार होतो.

दोन महिने मी नाशिकमधली एकही शोरूम सोडली नाही. सेल्सवाली पोरं आधी मायलेज सांगायची, मग टचस्क्रीन दाखवायची. मी म्हणायचो, मला आधी बसू द्या. लहान गाड्यांत गुडघे जुन्याच जागी जायचे. एक लांबलचक गाडी होती, दिसायला राजेशाही, पण बैठक इतकी खाली की उठताना मला दाराला लटकावं लागलं. एकीत सगळं बसलं, पण छत डोक्याला घासत होतं. पोरगा म्हणाला, "सर, केस कमी केले तर होईल." मी टेप गुंडाळली आणि बाहेर पडलो.

मग एके ठिकाणी उंच बैठकीची एक गाडी होती. ती मी लांबूनच ओळखली. कारखान्याची गाडी याच मॉडेलची होती, शेवटची सात वर्षं मी तीच चालवली होती. मी जाणारच नव्हतो तिच्याकडे. पण बायको बरोबर होती. ती म्हणाली, बसून तर बघा.

मी शिकवल्याप्रमाणे बसलो. दांडी ओढली आणि सीट मागे सरकवली. ती सरकत गेली, सरकत गेली आणि पार मागे, शेवटच्या खाचेत जाऊन टक्क बसली. मांडी गुडघ्यापर्यंत टेकली. क्लच तळाला गेला, बूड हललं नाही. स्टिअरिंग हातात आलं. डोक्यावर चार बोटं जागा उरली. बायकोने वही बघून एकेक वाचलं आणि प्रत्येकाला मी हो म्हणालो.

गाडी चुकीची नव्हतीच. मी सात वर्षं माझ्या मापाच्या गाडीत बसलो होतो. मला एक वीत जागा लागत होती आणि ती वीत त्या गाडीत होती. ती त्याच्या पायांना दिली होती.

बायको म्हणाली, "चेहरा असा का केला?" मी म्हणालो, काही नाही, हीच घ्यायची.

नवी परवडणारी नव्हती. पाथर्डी फाट्याजवळ जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे, त्याला मॉडेल सांगून ठेवलं. पाच महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, एकाच मालकाची गाडी आली आहे, मेंटेन केलेली, कंपनीच्या वापरातली. मी जाऊन बघतो तर तीच. नंबर तोच. डाव्या दाराखालचा ओरखडा कारखान्याच्या गेटचा, तो माझ्याच हातून लागलेला. व्यापारी इंजिनाबद्दल सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. त्या इंजिनाचं ऑइल सात वर्षं मीच बदलून घेतलं होतं. पैशाची जुळवाजुळव कशी केली ते सांगत बसत नाही. आठ दिवसांत गाडी माझ्या दारात आली.

घरी आणून मी सीट मागे घ्यायला गेलो, तर ती अर्ध्यात अडकली. खालचा रूळ मागच्या बाजूला गंजला होता आणि घाणीने भरला होता. त्या भागावरून सीट कधी गेलीच नव्हती. मी खाली बसून स्क्रू ड्रायव्हरने ती घाण उकरली. बडीशेप, टाचण्या, दाताच्या काड्या. सगळं त्याचं. दोन संध्याकाळी मी ते काम केलं, रॉकेल लावलं, ग्रीस भरलं. तिसऱ्या दिवशी सीट शेवटच्या खाचेपर्यंत गेली. मग मी गाडी गॅरेजला नेली आणि रुळाला पुढून आडवा बोल्ट मारून घेतला. मेकॅनिक म्हणाला, आता ही कधी पुढे येणार नाही, चालेल ना? मी म्हणालो, त्यासाठीच मारतोय.

माझ्या मागे आता कुणी बसू शकत नाही. बसलंच तर गुडघे हनुवटीला लागतील. भाडं ठरवताना मी आधीच सांगतो, मागे दोन, पुढे एक.

दीड वर्षाने वहिनींचा फोन आला. त्यांना नातू झाला होता. बाळाला सप्तशृंगीच्या पायांवर घालायचं ठरलं होतं. त्यांची नवी गाडी गॅरेजला दुरुस्तीला गेली होती, ड्रायव्हर गावी आणि मुलगा परदेशी. मालकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो स्वतः चालवत नव्हता.

"तूच ने," त्या म्हणाल्या. "घाटात दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मी विचारलं, "किती जण?"

"मी, सूनबाई, बाळ आणि साहेब."

मी मनात मोजलं. मागे दोन बायका आणि बाळ. पुढे एक. मी म्हणालो, येतो. आणि तो कुठे बसणार, हे मला त्या क्षणापासून माहीत होतं. नंतर कुणी म्हणायला नको की योगायोगाने झालं.

सकाळी सातला मी त्यांच्या बंगल्याशी उभा राहिलो. तो बाहेर आला. डोळ्याला काळा चष्मा, थोडा खंगलेला. गाडी बघून थांबला. ओळखली त्याने. मला म्हणाला, "बरा आहेस ना?" मी म्हणालो, "चालवतो आहे, साहेब."

सवयीने त्याने माझ्या मागचं दार उघडलं. आत बघितलं. तिथे मी वहिनींची ओटीची पिशवी ठेवली होती आणि ती पिशवीच कशीबशी मावली होती.

"सीट पुढे घे."

"येत नाही, साहेब. बोल्ट मारलाय. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी बोल्टाचं काही सांगितलं नव्हतं. मागे डाव्या बाजूला वहिनी बसल्या होत्या, मधे सूनबाई बाळाला घेऊन. मी पुढचं डावं दार उघडून धरलं. तो त्या सीटकडे बघत राहिला. सुनेसमोर काय बोलणार? तो पुढे बसला.

दिंडोरीपर्यंत त्याने डाव्या हाताने वरचं हँडल धरलेलं होतं आणि उजवा हात सीटबेल्टवर. समोरून ट्रॅक्टर आला तरी त्याचे पाय खाली दाबले जायचे, ब्रेक असल्यासारखे. मी पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. एकही ओव्हरटेक घाईने केला नाही. मला काही करायची गरजच नव्हती. मी पाठ टेकून, पाय लांब करून बसलो होतो आणि तो माझ्या शेजारी आकसत चालला होता. खरं सांगायचं तर इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

वणी सोडून नांदुरीला आलो. तिथून घाट चढतो. पहिल्याच वळणावर समोरून एसटी आली. मी हॉर्न देऊन डावीकडे घेतली, रीतसर, पण त्याच्या बाजूला कठडा आणि त्याच्या खाली दरी. त्याच्या कपाळावर घाम होता, एसी चालू असून.

तो हळू आवाजात म्हणाला, "जरा थांबव. मी मागे जातो. मावेन कसाही."

"पुढचं वळण झालं की वर जागा आहे, साहेब. इथे थांबता येणार नाही."

तेही खरं होतं. पण ते वळण झालं, जागा आली आणि मी थांबलो नाही.

आणखी दोन वळणं गेली. त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हणालो.

मागे सूनबाई बाळाशी बोलत होती, ती बोलायची थांबली.

गडावर गाडी लावली. तो उतरला, दाराला धरून थोडा वेळ उभा राहिला, मग सुनेबरोबर चालू लागला. वहिनी मागे राहिल्या. पिशवी घेताना म्हणाल्या, "भावजींचं तुला माहीत होतं ना? कसे गेले ते?"

"माहीत होतं."

"आणि तरी त्यांना तिथे बसवलंस?"

"वहिनी, माझ्या पाठीचं त्यांना माहीत होतं. अकरा वर्षं."

त्या पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही दिसायचं. मी शेजारीच तर बसायचे. तुझी पाठ कशी असायची ते दिसायचं मला." आणि देवळाकडे निघून गेल्या.

त्या असं बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. तोवर माझा राग एकाच माणसावर होता आणि तो मी नीट सांभाळला होता. आता मला कपबशीतला चहा आठवला, पोरीच्या शाळेची चौकशी आठवली आणि त्या ओझरच्या रस्त्यावर खिडकीतून बाहेर बघणारी मान आठवली. दोन तास मी गाडीला टेकून उभा होतो. देवीकडे तोंड होतं, पण हात जोडले नाहीत.

उतरताना सूनबाई मुकाट्याने पुढे येऊन बसली. बाळ वहिनींच्या मांडीवर. तो मागे मधे बसला, मधल्या उंचवट्यावर दोन्ही पाय जवळ घेऊन, गुडघे वर. आरशात मला तो पूर्ण दिसत होता. सूनबाई पुढे असल्याने मी घाट आणखी हळू उतरलो. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

बंगल्याशी तो उतरून सरळ आत गेला. वहिनींनी भाडं दिलं आणि प्रसादाचा नारळ माझ्या हातात ठेवला. नको म्हणणार होतो, पण देवीचा म्हणून घेतला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती मशीनवर बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हातारा माणूस. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मेला असता घाबरून म्हणजे?"

"मेला नाही."

"मग आता झालं का समाधान?"

"झालं," मी म्हणालो. लोक सांगतात की असं करून मन भरत नाही, उलट खातं. माझं भरलं. त्याच्यापुरतं भरलं. वहिनींचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. त्यांचा नंतर एकदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.

बायकोने मशीनवरून उठून नारळ पाण्याने धुतला आणि उंबऱ्याशी फोडायला घेतला. मी दारात उभा राहून बघत होतो. नासका निघणार असं मला मनातून वाटत होतं, आणि निघाला असता तर मी काही बोललो नसतो. दोन ठोक्यांत फुटला. आत पांढरा स्वच्छ होता, पाणी भरपूर. तिने त्याची चटणी केली आणि जेवताना मी ती दोनदा मागून घेतली.